नोएमीच्या नावापुढचं शून्य

एव्हारिस्तो किन्योनेसच्या पदरात कराच्या परताव्याचे एक हजार आठशे ब्याऐंशी डॉलर पडायचे होते. खर्च काय, तर बायकोची एक सही, तिच्या पासपोर्टची प्रत आणि कागद भरून देणाऱ्या देल्फिनाबाईंचे दोनशे वीस. फी वजा जाता सोळाशे बासष्ट उरत होते. म्हणजे अमेरिकेतल्या यूमाच्या लेट्यूसच्या शीतगृहात दुरुस्तीसाठी फोर्कलिफ्टखाली उताणं पडून काढलेले दहा दिवस फुकटात परत मिळाल्यासारखे.

त्याला सगळे वारो म्हणत. वय एकेचाळीस, पगार वर्षाला पंचावन्न हजार, आणि दुखणं एकच. बायको त्याच्यापेक्षा जास्त कमवायची, आणि हे तो सोडून कुणीच बोलून दाखवत नसे.

बायको सीमेपलीकडे मेक्सिकोत, आल्गोदोनेसमध्ये. गाव एवढंसं, पण दर दुसऱ्या दारावर दात रंगवलेला. उत्तरेकडचे म्हातारे हिवाळाभर यूमाला मुक्काम ठोकतात आणि चालत पलीकडे जाऊन तोंडं दुरुस्त करून येतात. सीमेच्या फाटकापासून तिसऱ्या गल्लीत डॉक्टर नोएमी बार्रासाचा दवाखाना होता, खाली दोन खुर्च्या आणि वर घर. हंगामात वारोची पाळी पहाटे चारला लागायची, म्हणून आठवडाभर तो यूमात एका खोलीवर राहायचा आणि शुक्रवारी संध्याकाळी घरी जायचा. ‘घरी’ हा शब्द तो जरा दबकत वापरायचा. घर तिचं, गच्ची तिची, पाण्याची टाकी तिची. सासूबाई त्याच्या पुढ्यात ताट ठेवताना न चुकता म्हणायच्या, “घ्या जावईबापू, पाहुण्यानं लाजू नये.” लग्नाला आठ वर्षं झाली होती.

देल्फिनाबाईंचं ऑफिस म्हणजे एके काळचं टायरचं दुकान. भिंती रंगवल्या, पडदे लावले, तरी रबराचा वास काही गेला नव्हता. त्या साठीच्या होत्या, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि समोरच्याचा पगार त्याच्या बुटांवरून ओळखायच्या.

“लग्न झालंय ना तुझं?” त्यांनी विचारलं.

“आठ वर्षं झाली.”

“मग आठ वर्षं हा वेगळा-वेगळावाला फॉर्म कशाला भरतोस? सगळ्यात महाग फॉर्म आहे तो.”

“बायको पलीकडची. तिला इकडं राहायला यायचंच नाही. ग्रीन कार्ड घे म्हटलं तर म्हणते, तिकडं मला कोण दातांना हात लावू देणार...” तो मध्येच थांबला. “म्हणजे, तिला करमत नाही.”

“न येऊ दे. ती परदेशी, तू इथला, तरी एकत्र भरता येतं. दोघांनी मिळून लिहून द्यायचं की करापुरतं हिला इथलीच समजा. खाली दोघांच्या सह्या. की झाली सूट दुप्पट.” त्यांनी यंत्रावर बोटं नाचवली आणि आकडा त्याच्याकडं वळवला. एक हजार आठशे ब्याऐंशी. “पण एक आहे. तिला इथली धरली, की तिचा जगात कुठंही कमावलेला पैसा इथं दाखवावा लागतो. काय कमावते ती?”

आता वारोचा जन्म सीमेवरचा. फाटकाच्या एका बाजूचं दुसऱ्या बाजूला मोजत नाहीत, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. पलीकडं शिकलेल्या सहा इयत्ता इकडच्या शाळेनं मोजल्या नव्हत्या. पलीकडचा गाडीचा परवाना इकडच्या हवालदारानं मोजला नव्हता. नोएमीची पदवी तर इकडं भिंतीवर लावायच्याही कामाची नव्हती. पदवी मोजत नाहीत आणि कमाई बरी मोजतील?

“काही नाही,” तो म्हणाला. “घरीच असते.”

देल्फिनाबाईंनी चष्म्यावरून बघितलं. “शून्य लिहू?”

“लिहा.”

“मी विचारलं आणि तू सांगितलंस, बरं का. आणि नीट ऐक. या कागदात शिरायला एक दार आहे, बाहेर पडायला चार.” त्यांनी एकेक बोट मोडलं. “दोघांपैकी कुणी लेखी माघार घेतली तर. कोर्टानं तुम्हाला वेगळं केलं तर. दोघांपैकी एक मेला तर. नाहीतर तुमचे हिशेब इतके गचाळ निघाले की त्यांनीच तुम्हाला हाकललं तर. आणि एकदा बाहेर पडलात की परत आत नाही. जन्मात नाही. दुसरं लग्न केलंस तरी नाही.”

“चारातलं एकही नको मला,” वारो हसून म्हणाला.

“कुणालाच नको असतं,” देल्फिनाबाई म्हणाल्या आणि दोनशे वीस मोजून ड्रॉवरमध्ये टाकले.

शनिवारी तो कागद घेऊन खाली दवाखान्यात गेला. खुर्चीत एक म्हातारा तोंड वासून पडला होता. नोएमीच्या हातात मोजे, डोळ्यांवर भिंगं, कपाळावर दिवा. तिचं इंग्रजी दातांपुरतं, म्हणजे उघडा, मिटा, चूळ भरा आणि आकडे.

“काय आहे?”

“आपलं लग्न झालंय असं लिहिलंय.”

“आठ वर्षांनी विचारतायत? आई पण अजून विचारते.” तिनं एका हाताचा मोजा अर्धा काढला, अवजारांच्या ताटलीवर कागद ठेवला आणि सही केली. तिच्या सहीचं शेवटचं अक्षर दाढेच्या मुळासारखं खाली दोन फाटे फोडून जायचं. “पैसे मिळणारेत का?”

“थोडे.”

“मग लग्न झालंय म्हणावं,” ती म्हणाली आणि परत म्हाताऱ्याच्या तोंडात वाकली. म्हातारा काही न समजता मान हलवत होता.

जूनमध्ये दोन पाकिटं आली. एकात चेक, दुसऱ्यात नोएमीच्या नावाचा नऊ आकडी अमेरिकन करक्रमांक. चेकमधून वारोनं वरच्या मजल्यावर एसी बसवला. दोन माणसं, चार तास, भिंतीला दोन भोकं, सगळं धरून बरोबर एक हजार आठशे ब्याऐंशी. फी त्यानं खिशातून घातली, आकड्याची अब्रू राहावी म्हणून. बाहेर उन्हानं डांबर मऊ पडलं होतं आणि सासूबाई एसीखाली खुर्ची ओढून बसल्या होत्या. दर दहा मिनिटांनी दंडावरून हात फिरवून म्हणायच्या, “काटा आला हो.” त्या रात्री त्यांनी ताट ठेवलं आणि म्हणाल्या, “जेवा. उद्या मासे करते, तुम्हाला आवडतात ना?” पाहुण्याचं नाव नाही. वारोनं चार तोर्तिया जास्त खाल्ल्या.

दुसरं पाकीट नोएमीनं ठेवून घेतलं.

सप्टेंबरात तिच्या टेबलावर एक कार्डाचं यंत्र दिसलं. अमेरिकन कंपनीचं.

“हे कुठून आलं?” वारोनं विचारलं.

“तुझ्यामुळंच,” ती म्हणाली. तिचा चेहरा फुलला होता. “नंबर असेल तर देतात. किती वर्षं म्हातारे विचारतायत, कार्ड चालतं का, कार्ड चालतं का. रोख आणायला विसरले की शेजारच्या गल्लीत जायचे. आता नाही जाणार.”

वारोनं यंत्र उचलून बघितलं. हलकं होतं. तरी त्यानं ते लवकर खाली ठेवलं.

गल्लीत अशी गोष्ट लपून राहत नाही. दोन आठवड्यांत समोरचा डॉक्टर एक गोरी बाई घेऊन आला. “डॉक्टरीणबाई, एवढं एक ओढून द्या. हिची कॅप झालीय आणि रोख नाही.” मग कोपऱ्यावरचे दोघे डॉक्टर भाऊ आले. मग रूट कॅनल करणारी एक डॉक्टरीण. शेवटी म्हातारे डॉक्टर फिग्वेरोआ, जे गेल्या जन्मीचं देणं असल्यासारखा एकेक पेसो सोडायचे. पाच जणांचे पेशंट नोएमीच्या यंत्रावर कार्ड ओढू लागले. नोएमी नाही म्हणत नसे. नाही म्हणण्यासारखं त्यात काय होतं?

संध्याकाळी सात वाजता वाटप व्हायचं. नोएमी औषधाच्या चिठ्ठ्यांच्या पॅडवर ज्याचे त्याचे आकडे मांडायची आणि रोख मोजून द्यायची. प्रत्येकानं आपला आकडा वाचायचा, मान हलवायची आणि चिठ्ठी फाडून टोपलीत टाकायची. त्या गल्लीची ती रीत होती, आजोबांच्या वेळेपासूनची. चिठ्ठी खिशात घालून नेली तर त्याचा अर्थ एकच व्हायचा, की तुमच्यावर माझा भरवसा नाही. कुणी नेत नसे. रोज सात वाजता त्या टोपलीत सभ्यतेचे तुकडे पडायचे, आणि वारो शनिवारी ते जिन्यावर बसून बघायचा.

यंत्राला मात्र ही रीत ठाऊक नव्हती. यंत्राला एकच नाव ठाऊक होतं, आणि एकच नंबर. ते दर वेळी टुंग करून वाजायचं. खाली टुंग झालं की वर बसलेल्या वारोचा घास जरा थांबायचा.

सांगावं का? सांगायचं म्हणजे तो कागद काय होता हे सांगायचं. मग तिचं उत्पन्न किती लिहिलंस, हे ती विचारणार. मग शून्य हा शब्द उच्चारायचा, तिच्यासमोर, एसीच्या गारव्यात. त्यानं ठरवलं, हंगाम संपला की सांगू.

जानेवारीत यूमाच्या खोलीवर यंत्राच्या कंपनीचं पाकीट आलं. चार महिन्यांत नोएमी बार्रासाच्या नंबरावर आलेली रक्कम एक लाख एकेचाळीस हजार तीनशे साठ. खाली बारीक अक्षरात छापलं होतं की याची एक प्रत कर खात्याला गेली आहे. यातले नोएमीचे स्वतःचे एकोणचाळीस हजार असतील नसतील. वारोनं पाकीट हत्यारांच्या पेटीत, पान्यांच्या खाली, तेलकट फडक्यात गुंडाळून ठेवलं.

फेब्रुवारीत नोएमीनं त्याला विचारलं, “त्या तुझ्या करवाल्या बाईंचे दात कसे आहेत?”

“मला काय माहीत?”

“त्यांच्यामुळं एसी आला. आई दिवसातून दोनदा दुवा देते त्यांना. एक कॅप फुकट करून देते म्हणून सांग.”

वारो सांगायला विसरला. दोनदा विसरला. तिसऱ्यांदा नोएमीनं पावतीवरचा नंबर बघून स्वतःच फोन केला.

देल्फिनाबाई शनिवारी आल्या. दारावरची पाटी त्यांनी सावकाश वाचली, मग कोपऱ्यात हवेचा पंप दुरुस्त करत बसलेल्या वारोकडं बघितलं. “घरीच असते,” त्या हळूच म्हणाल्या. वारो पंपाकडं वळला.

पुढच्या मिनिटाला त्या खुर्चीत आडव्या होत्या, गालात कापसाचे बोळे, ओठाला नळी अडकवलेली. नोएमी मोकळेपणानं बोलत होती. “तुमचे उपकार आहेत, बाई. नुसता एसी नाही, तुमच्या त्या नंबरामुळं यंत्र आलं. आता अख्खी गल्ली माझ्याकडं ओढते.” तेवढ्यात कोपऱ्यावरचा धाकटा भाऊ आत आला. “बाई, एक बावीसशेचं आहे.” टुंग. “किती झाले हो आज माझे?” “सात वाजता बघू.” तो गेला.

देल्फिनाबाईंच्या घशातून काहीतरी आवाज आला.

“दुखतंय का?” नोएमीनं विचारलं. “डावा हात वर करा दुखलं तर.”

बाईंनी डावा हात वर केला. नोएमीनं आणखी एक सुई दिली. त्यानंतर बाई बोलू शकत नव्हत्या. फक्त डोळे होते, आणि ते भिंतीवरच्या पदवीवरून यंत्रावर, यंत्रावरून चिठ्ठ्यांच्या टोपलीवर आणि तिथून वारोवर येऊन थांबले. वारोच्या हातातला स्क्रू खाली पडला. तो शोधायला तो नको तितका वेळ खाली वाकून राहिला.

फाटकाच्या रांगेत तो त्यांना पोचवायला गेला. अर्धा ओठ अजून बधिर होता, तरी त्यांचं बोलणं नीट कळत होतं.

“ती तिकडं कर भरते?”

“पै न् पै. तिला कागदाचं वेड आहे.”

“गाढवा, मग तिकडं भरलेला कर इकडं वजा मिळतो. खरं लिहिलं असतंस तर फार तर दोन-तीनशे डॉलर कमी मिळाले असते तुला. त्या दोन-तीनशेसाठी तू शून्य लिहवलंस?”

वारो खिशातलं ओळखपत्र चाचपू लागला.

“पंधरा एप्रिलच्या आत ये. गेल्या वर्षीचंही दुरुस्त करू, याही वर्षीचं खरं भरू. त्या पाच जणांकडून आजपासून लेखी पावत्या घ्या. ती चिठ्ठ्या फाडायची थेरं बंद. तिला सांग.”

“सांगतो.”

“मी सांगू?”

“नको. मी सांगतो. माझी बायको आहे.”

“कागदावर आहे,” देल्फिनाबाई म्हणाल्या, आणि रांग पुढं सरकली.

तो सांगायला गेला होता, हे त्याच्या बाजूनं नमूद केलं पाहिजे. रविवारी दुपारी तो तोंड उघडूनही बसला होता. पण नोएमीनं त्याच्या पुढ्यात एक छापील पुस्तिका ठेवली. अख्ख्या जबड्याचा एक्स-रे काढायचं यंत्र, पंधरा हजार डॉलर. “साठतायत,” ती म्हणाली. “पुढच्या हिवाळ्यात घेऊ. ‘घेऊ’ म्हणतेय, बघ. पूर्वी ‘घेईन’ म्हणायचे.” सासूबाई आतून म्हणाल्या, “जावई हाताचा सैल आहे माझा, शेजारणीला सांगितलं मी.” वारोनं तोंड मिटलं.

एप्रिलच्या चौदा तारखेला, खोलीवर पलंगाच्या कडेला बसून, त्यानं फोनवरच फॉर्म भरला. एकत्र का वेगळे? एकत्र. पत्नीचं उत्पन्न? त्याचा अंगठा बराच वेळ पडद्यावर तरंगत राहिला. फोननं देल्फिनाबाईंसारखं चष्म्यावरून बघितलं नाही. त्यानं शून्य दाबलं. फोन म्हणाला, अभिनंदन.

पुढचे दहा महिने काहीही घडलं नाही. यंत्र वाजत राहिलं, चिठ्ठ्या फाटत राहिल्या, नोएमीच्या बचतीत साडेचौदा हजार झाले. वारो मात्र शुक्रवारी खोलीवरून निघण्यापूर्वी टपालपेटी उघडायचा, हात आत घालून चारी कोपरे चाचपायचा आणि मगच गाडी सुरू करायचा. देल्फिनाबाईंच्या रस्त्यावरून जाणं त्यानं सोडलं. सासूबाई म्हणाल्या, जावई बारीक झालेत, आणि त्याच्या ताटात जास्त वाढू लागल्या.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी पेटीत हात घातला तर जाड पाकीट लागलं. वर दोघांचीही नावं.

आत कोष्टक होतं. पहिल्या रकान्यात, तुम्ही दाखवलेलं. दुसऱ्यात, इतरांनी आम्हाला कळवलेलं. तिसऱ्यात फरक. नोएमीच्या नावापुढं ० होतं, मग १,४१,३६०, मग पुन्हा १,४१,३६०. खाली कर, दंड आणि व्याज मिळून तीस हजार सहाशे चाळीस डॉलर. मान्य असेल तर सह्या करा, नसेल तर पुरावे जोडून सह्या करा. सहीच्या रेघा दोन.

एक रेघ त्याची होती. दुसरीवर त्यानं त्या रात्री कोऱ्या कागदावर बराच सराव केला. दाढेचं मूळ काही जमेना, दर वेळी एक फाटा आखूड राहायचा.

शनिवारी तो पाकीट घेऊन खाली गेला. खुर्चीत कुणीतरी तोंड वासून होतं. मुद्दामच ती वेळ धरली होती त्यानं.

“इथं एक सही,” तो म्हणाला. “गेल्या खेपेसारखीच.”

नोएमीनं त्याच्या चेहऱ्याकडं बघितलं. सोळा वर्षं ती माणसांचे दुखणं लपवणारे चेहरे बघत आली होती. तिनं दोन्ही हातांचे मोजे पूर्ण काढले. कपाळावरचा दिवा विझवला. वाचायचा चष्मा घातला. पेशंटला म्हणाली, “मिटा.” मग स्टुलावर बसून तिनं पहिल्या पानापासून सुरुवात केली. शब्द तिला येत नव्हते, पण आकडे सगळे येत होते.

“हे माझं नाव आहे.”

“हो.”

“आणि माझ्या नावापुढं हे शून्य कुणी लिहिलंय?”

वर एसी सुरू झाल्याचा घरघर आवाज आला.

“सोळा वर्षं उभ्यानं काम करतेय,” ती सावकाश म्हणाली. “पायाच्या शिरा बघितल्यास तू. रात्री तेल लावून दिलंस. आणि विचारल्यावर त्यांना सांगितलंस शून्य.”

“मला वाटलं पलीकडचं मोजत नाहीत.”

“ते मोजत होते की. तूच मोजलं नाहीस.”

तिनं सही केली नाही. पेशंटचं काम संपवलं, कारण दाढ अर्धी उघडी होती, आणि मग ओळखपत्र घेऊन एकटी फाटकाकडं चालत गेली. देल्फिनाबाईंच्या ऑफिसात ती दोन तास होती.

बाईंनी तिला सगळं सरळ सांगितलं. मेक्सिकोत भरलेल्या कराचे कागद जोडले की तिच्या स्वतःच्या एकोणचाळीस हजारांचा प्रश्न मिटतो. उरले एक लाख दोन हजार, जे पाच डॉक्टरांचे. त्यांना दिल्याचा एक तरी कागद हवा.

“चिठ्ठ्या होत्या,” नोएमी म्हणाली.

“कुठं आहेत?”

“फाडल्या.”

“सगळ्या?”

“आमच्यात ठेवत नाहीत.”

देल्फिनाबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मला काही माहीत नव्हतं, असं सांगून सुटता येतं कधी कधी. पण यंत्र तुझंच, नंबर तुझाच. तुला माहीत नव्हतं हे कोण मानेल?”

सोमवारी सात वाजता नोएमीनं पाचही जणांना बोलावलं. कागद समोर ठेवला आणि म्हणाली, तुमचे पैसे तुम्हाला मिळाले, एवढं लिहून द्या. सह्या करा.

कोपऱ्यावरचा थोरला भाऊ टोपीशी खेळत म्हणाला, “बाई, तुम्ही आमच्या बहिणीसारख्या. पण अमेरिकेच्या सरकारी कागदावर सही? आमची पोरं तिकडं शाळेत आहेत.”

“मग कराचा तुमचा वाटा तरी द्या.”

“किती वाटा? हिशेब कुठाय?” समोरचा डॉक्टर म्हणाला, आणि त्याचं बोलणं उद्धट नव्हतं, अडचणीत सापडलेल्या माणसाचं होतं. “एवढं ओढलं, एवढं दिलं, असं काही लिहिलेलं आहे का तुमच्याकडं?”

नोएमीनं टोपलीकडं बघितलं. त्यानंही बघितलं. रूट कॅनलवाली पर्स उचलून उठली, तसे बाकीचेही उठले. दारातून जाताना प्रत्येकानं तिला नमस्कार केला. दुसऱ्या दिवसापासून गल्लीत कुणी रोख विसरलं तर ते शेजारच्या गल्लीत जाऊ लागलं.

फिग्वेरोआ तेवढे बुधवारी परत आले. चुरगळलेल्या पाकिटात पाचशे डॉलर होते. “सही नाही करणार,” ते म्हणाले. “भितो मी. पण हे घे.” आणि पावती न मागता निघून गेले.

मार्चअखेर देल्फिनाबाईंनी भांडूनतंडून आकडा बावीस हजार आठशेवर आणला. नोएमीनं एक्स-रेच्या यंत्राचे साडेचौदा हजार दिले. फिग्वेरोआंचे पाचशे. उरलेले सात हजार आठशे वारोच्या नावावर, महिना एकशे तीस, पाच वर्षं. आणि पंधरा एप्रिलच्या आत तिनं पहिलं दार उघडलं. लेखी माघार घेतली, की गेलेलं वर्षही त्या कागदातून सुटलं आणि पुढची सगळीच सुटली. माघारीला एकच सही पुरते. ती तिची होती.

मेच्या पहिल्या शनिवारी वारो आला तेव्हा ती टेबलाशी बसली होती. चिठ्ठ्यांच्या पॅडवर तिनं आकडे मांडले होते, संध्याकाळच्या वाटपासारखेच, ज्याचे त्याच्या नावापुढं. खाली कार्बन घालून प्रत काढली होती.

“वाच,” ती म्हणाली.

त्यानं वाचलं, मान हलवली, आणि सवयीनं चिठ्ठी फाडायला बोटं लावली.

“फाडू नकोस. ती तुझ्याकडं ठेव. ही माझ्याकडं.” तिनं आपली प्रत घडी करून खणात टाकली आणि खणाला किल्ली लावली. “एसी तुझ्या पैशाचा. घेऊन जा.”

“नोएमी, आईंना उन्हाळ्यात...”

“तिला मी सांगितलंय.”

“आणि मी?”

“देल्फिनाबाईंनी चार दारं सांगितली मला. एक मी उघडलं. कोर्टाच्या दाराचं अजून ठरवलं नाही. ठरेपर्यंत तू खोलीवर राहा.”

त्यानं एकट्यानं एसी उतरवला. सासूबाई खुर्चीत बसून बघत होत्या. भिंतीतली दोन भोकं उघडी पडली तसा बाहेरचा झोत आत आला. त्या उठल्या, जुने टॉवेल आणले आणि भोकात कोंबू लागल्या. त्यानं मदतीला हात पुढं केला. “राहू द्या,” त्या म्हणाल्या. “पाहुण्यांकडून काम करून घेत नाहीत.”

फाटकावर गाड्यांची रांग तासाची होती. खिडकीतला अधिकारी तरुण होता, यूमाचाच. त्यानं मागं वाकून बघितलं.

“काय नेतोयस, काका?”

“एसी.”

“किंमत?”

वारो आयुष्यभर या खिडकीत अर्धीच किंमत सांगत आला होता. “एक हजार आठशे ब्याऐंशी,” तो म्हणाला.

अधिकारी हसला. “या डबड्याचे? कुणी दिले एवढे?”

मागची गाडी भोंगा वाजवत होती. वारोनं खिशातून चिठ्ठी काढली, उलगडून मांडीवर ठेवली. अक्षर नोएमीचं होतं, स्वच्छ, रकाने सरळ. फिग्वेरोआ, पाचशे. बाकीचे चौघे डॉक्टर, शून्य. देल्फिनाबाई, दोनशे वीस जमा, एक कॅप जमा. आई, पुढचे पाच उन्हाळे एसीविना, आकडा नाही. एव्हारिस्तो, सात हजार आठशे, महिना एकशे तीस. नोएमी, चौदा हजार पाचशे, रोख, एकरकमी, फिटले.